गालाच्या आतील पेशी

"बाई, यात केंद्रकच नाहीये."

चष्मेवाली हे म्हणाली तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून आईकडची तेवीस गुणसूत्रं पांढऱ्या खडूने आणि वडिलांकडची तेवीस पिवळ्या खडूने काढत होत्या. पिवळी अकरावी रेघ चालू होती. असलं वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की त्या वळल्यासुद्धा नाहीत. मुलं भिंग उलटं फिरवतात, एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटतात, आणि जगात काही नाहीच असा निकाल देऊन मोकळी होतात. "नीट बघ," त्या म्हणाल्या. "नीटच बघतेय बाई. पेशी आहेत, पण रिकाम्या आहेत. नुसत्या कडा दिसतायत." ही मुलगी चिवट होती, एखादी गोष्ट धरली की धसास लावल्याशिवाय सोडायची नाही. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले, खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मुलीचं खरं होतं. ओळखीच्या पेशी जागच्या जागी होत्या. डावीकडे तिघींचा पुंजका, त्याच्या खाली एकटी मोठी, एका कडेला दुमडलेली. पण त्या एकटीच्या मधोमध असायचा तो गडद निळा ठिपका नव्हता. तिथे आता धुतलेल्या कपड्यावर उरतो तेवढा डाग होता, तोही माहीत असणाऱ्यालाच दिसेल असा. "दिवा कमी आहे," बाई म्हणाल्या. "फुल आहे बाई," चष्मेवाली म्हणाली, आणि वर्ग हसला. बाईंनी काचपट्टी काढून रुमालात गुंडाळली, मुलांना पुस्तकातली आकृती बघायला सांगितली आणि त्या पुन्हा फळ्याशी गेल्या. वडिलांकडची गुणसूत्रं त्या दिवशी चोवीस झाली. तेही चष्मेवालीनेच मोजून दाखवलं.

रंग उडतो, यात गूढ काही नाही. हा निळा रंग उजेडाला टिकत नाही, हे बाई स्वतःच मुलांना सांगत. दर सुट्टीनंतर काही पट्ट्या फिक्या निघायच्या, त्या फेकून नव्या करून घ्यायच्या. टूथपिकने गालाच्या आतून अलगद खरवडायचं, काचेवर पसरायचं, सुकवायचं, रंगाचे दोन थेंब, मग पाणी, मग वर पातळ काच. पाच मिनिटांचं काम. पण ही पट्टी त्यांच्या मुलाची होती. त्याने केलेली, आणि त्याच्याच गालाची. तो याच प्रयोगशाळेत, याच खिडकीजवळच्या टेबलाशी सोळा वर्षांपूर्वी दहावीत बसायचा. घरात त्याला घुम्या म्हणत, कारण तो बोलायचाच नाही. चार प्रश्न विचारावेत तेव्हा एक मान हलायची. शाळेत आईच्याच वर्गात येणं ही त्याच्यासाठी शिक्षा होती आणि बाईंसाठी परीक्षा. आपण मुलाला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी त्याला कायम उणं माप दिलं. हे त्यांना तेव्हा फार चोख वागणं वाटायचं. एकदा तो चुकून "आई, रंग संपला" असं म्हणाला, वर्ग खो खो हसला, आणि बाई म्हणाल्या, "इथे बाई म्हणायचं." तो "हो बाई" म्हणाला. त्यानंतर त्याने वर्गात त्यांना कधी हाकच मारली नाही; रंग संपला की बाटली घेऊन गप्प उभा राहायचा.

पहिली पट्टी त्याने केली तेव्हा सगळीकडे निळाच निळा झाला होता. बाईंनी वर्गासमोर ती उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "यात केंद्रक कुठंय? काही दिसत नाही. पुन्हा कर." दुसरी पुन्हा, तिसरी पुन्हा. तीन वेळा गाल खरवडून त्याच्या तोंडात आग झाली असणार, घरी तो नुसता वरण-भातावरचं वरण ढवळत बसला होता, पण विचारलं कुणी नाही आणि सांगितलं त्याने नाही. चौथी पट्टी साधली. एकेक पेशी सुटी, एकेक केंद्रक जागेवर. त्याने तिला चिठ्ठी लावली, 'गालाच्या आतील पेशी', खाली हजेरी क्रमांक सतरा आणि तारीख. अक्षर त्याचं देखणं होतं, बोलण्यात जे नव्हतं ते सगळं त्यात उतरलेलं. शिरोरेघ पट्टीने मारलेली, 'ला'चा काना जरा झुकता. आणि चिठ्ठी शाईने लिहिली होती. प्रयोगशाळेचा नियम पेन्सिलीचा, कारण पाणी, स्पिरिट, काय वाटेल ते सांडतं आणि शाई जाते. "शाई जाते, पेन्सिलीने लिहायचं, किती वेळा सांगू?" बाई म्हणाल्या, "आणि चिठ्ठी सजवून मार्क मिळत नसतात. आत काय आहे ते महत्त्वाचं." मग त्यांनी पट्टी भिंगाखाली पाहिली. अर्धं मिनिट पाहिलं असेल. अशी पट्टी त्यांच्या हाताखाली कुणी केली नव्हती, आणि हे त्यांना कळलं होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पट्टी नमुना म्हणून पेटीत ठेवली. ते अर्धं मिनिट त्यांनी पुढे किती वेळा आठवायचा प्रयत्न केला. पुंजका कुठे होता, मोठी पेशी कुठे होती, काही आठवत नाही. फक्त तो बाजूला उभा होता आणि त्याचा श्वास त्यांच्या कोपराला लागत होता एवढं आठवतं.

एकोणिसाव्या वर्षी, परगावी शिकायला असताना, तो तापाने चार दिवसांत गेला. त्याबद्दल बाई कधी विचार करत नसत. त्या चार दिवसांत विचार करण्यासारखं काही नव्हतंच, नुसती धावाधाव होती. विचार त्यानंतरच्या महिन्याचा यायचा. नवऱ्याने त्या महिन्यात घर धुऊन काढल्यासारखं रिकामं केलं. कपडे, बूट, सायकल, वह्या, कंगवासुद्धा. "डोळ्यांसमोर नको," तो म्हणाला, आणि बाई कोचावर बसून नुसत्या बघत राहिल्या. कंगव्यात केस होते, हे त्यांना दोन दिवसांनी सुचलं. फोटो राहिले, पण फोटोत तो हसत होता, आणि तो एरवी हसत नसे. फोटो काढणाऱ्याने हसायला सांगितलेला कुणीतरी भलताच मुलगा त्यात होता. आणि राहिले नवऱ्याचे कान. कानाची पाळी सुटी असते किंवा गालाला चिकटलेली असते, हे आई-बापांकडून येतं, वर्गातल्या वर्गात मोजणी करून तक्ता भरा, असा पाठ त्या दरवर्षी घेत. नवऱ्याची पाळी चिकटलेली होती आणि मुलाचीही तशीच, हुबेहूब, वरच्या कडेच्या बारीक खाचेसकट. बारा वर्षं बाई जेवायला नवऱ्याच्या समोर बसत नव्हत्या. त्या बाजूच्या खुर्चीवर, दूरदर्शनकडे तोंड करून बसत, आणि नवऱ्याला वाटायचं की बायकोला मालिकांचं वेड लागलं आहे.

पट्टी पेटीत आहे हे त्यांना ठाऊक होतं. पहिली तीन वर्षं त्यांनी तिला डोळा लावला नाही. प्रयोगशाळेचे सहायक ती दरवर्षी भिंगाखाली लावून ठेवत, मुलं रांगेने बघत, आणि बाई त्या वेळी खिडकीबाहेर बघत. हे सहायक म्हणजे काचकाका. हे नाव मुलांनी ठेवलेलं. फुटक्या काचेवरून त्यांनी ज्याला झापलं नाही असं पोरगं शाळेतून बाहेर पडलं नव्हतं. बोलायला फटकळ, चालायला सावकाश, आणि दारात उभे राहिले की उजवा तळहात गालावर, दाढ दुखत असल्यासारखा. मुलं त्यांची नक्कल करायची. चौथ्या वर्षी, कशामुळे ते बाईंना सांगता आलं नसतं, एका दुपारी मोकळ्या तासाला त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "काका, गालाच्या पेशींची ती जुनी पट्टी लावून द्या." काकांचा चेहरा पडला होता, पण बाईंना वाटलं, जेवणाच्या सुट्टीत काम सांगितलं म्हणून. त्यांनी पट्टी लावून दिली. बाईंनी डोळा लावला. आणि तिथे तो होता. रंग कालच दिल्यासारखा ताजा होता. त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकांना नवे दिवे बसवले होते, त्यामुळे असेल असं बाईंना वाटलं. तिघींचा पुंजका, खाली एकटी मोठी, आणि प्रत्येकीच्या मधोमध गच्च बांधलेलं केंद्रक. मुलांना त्या इतकी वर्षं घोकून शिकवत आल्या होत्या की एकेका पेशीत अख्ख्या माणसाची पूर्ण प्रत असते; उंची, आवाज, कान, सगळं. तो पाठ त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा समजला. त्या तासभर बसल्या, मधूनमधून डोळा पुसून पुन्हा लावत. काकांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभे राहिले, गालावर हात ठेवून.

तेव्हापासून नऊ वर्षं हा बाईंचा एकट्याचा व्यवहार होता. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, मोकळ्या तासाला. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच, त्याने पट्टीही डोळ्यांसमोर नको म्हटलं असतं. त्या भिंगाशी वाकून हळू आवाजात काहीबाही बोलत. बोलणं साधंच असायचं, आज वर्गात काय झालं, घरी काय बिघडलंय. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "छान झाली होती रे पट्टी. मी बोलले नाही." नमुना म्हणून ती वर्गालाही दाखवायच्या, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, या कुणाच्या पेशी?" "माझ्या एका विद्यार्थ्याच्या." "मुलगा का मुलगी?" "ते बघून कळत नाही." "मग कुणाच्या ते कसं कळतं?" "नुसतं बघून नाही कळत. चिठ्ठी वाचायची." मुलं हसायची. हे उत्तर देताना बाईंना दर वेळी आत कुठेतरी एक गुपित आनंद व्हायचा, आपल्याला बघून कळतं असा.

आणि आता तो फिका पडत होता. सोमवारी घरी गेल्यावर त्यांनी भाजी करपवली, नवऱ्याने ती तशीच खाल्ली. रात्र कशीबशी गेली. मंगळवारी सकाळी त्यांनी ठरवलं की पट्टी पुन्हा रंगवायची. हे जमतं, वर चिकटवलेली पातळ काच विरघळवून सोडवायची, पेशींना पुन्हा रंग पाजायचा, पुन्हा काच लावायची. जमतं म्हणजे दहातल्या सहा वेळा. उरलेल्या चार वेळा पेशी काचेबरोबर निघून येतात किंवा पाण्याबरोबर वाहून जातात. न रंगवावं तर अजून वर्ष-दोन वर्षांत नुसत्या कडाही राहणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. हे काम काचकाकांच्या हाताला सोपं गेलं असतं, पण काका तीन दिवस रजेवर होते, आणि खरं म्हणजे बाईंना दुसऱ्या कुणाचा हात नकोच होता. शाळा भरायच्या आधी त्या आल्या, एका झाकणाच्या बरणीत झायलीन ओतलं, ज्यात चिकटवलेलं सुटतं ते, आणि पट्टी हातात घेतली. चिठ्ठी अडचणीची होती. तिच्या मागचा डिंक बरणीत उतरून सगळं गढूळ झालं असतं. क्षणभर त्या अक्षराकडे बघत राहिल्या. कागद पिवळा पडला होता, शिरोरेघ अजून सरळ होती. मग त्यांनी पट्टीचं ते टोक नळाखाली धरलं, कागद भिजू दिला आणि ब्लेडने खरवडला. तो दोन तुकड्यांत निघाला, त्यातली निळी शाई पाण्यात पसरली, आणि तुकडे सिंकच्या जाळीतून गेले. आत काय आहे ते महत्त्वाचं, हे वाक्य तेव्हा त्यांच्या मनात आलंही असेल. त्यांनी पट्टी पुसून बरणीत सोडली आणि बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दोन दिवस जिवाला घोर होता. दहावीला मंगळवारी अर्धगुणसूत्री विभाजन होतं. आईच्या शरीरात बीज तयार होताना निम्मा वाटा बीजाला मिळतो आणि उरलेला निम्मा बाजूला पडून वाळून जातो, असं सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या आणि आपण कुठे होतो ते त्यांना आठवेना. मुलांनी सांगितलं, "वाळून जातो, बाई." बुधवारी रात्री जेवताना नवरा म्हणाला, "बरं नाहीये का?" "बरंय." "शाळेत काही झालं?" "रंग उडाला एका पट्टीचा." "मग नवी कर की," तो म्हणाला, आणि बाईंच्या मनात आलं की याला इथेच सांगावं, अर्धा याचाही होता, अर्धी वाटणी याचीही आहे, पण तसं सांगायचं तर त्याच्याकडे तोंड करावं लागलं असतं, आणि तिकडे कान होते. त्या पाणी आणायला उठल्या.

गुरुवारी दुपारचे दोन तास मोकळे होते. बरणीत पातळ काच सुटून आपोआप घसरली होती, हीच अर्धी लढाई होती. बाईंनी कोपर टेबलाला टेकवून चिमट्याने पट्टी उचलली. स्पिरिट, मग आणखी पातळ स्पिरिट, मग पाणी, नळाचं नाही, ड्रॉपरने थेंब थेंब. मग रंग. घड्याळाकडे बघत त्या पुटपुटत होत्या, "जाऊ नकोस हं, धरून राहा, थोडंच राहिलंय." तापाच्या चौथ्या दिवशीही त्या हेच म्हणाल्या होत्या, हे लक्षात येऊन त्यांनी तोंड मिटलं. रंग धुतला, पट्टी सुकवली, भिंगाखाली सरकवली. डोळा लावायला त्यांना बराच वेळ लागला. पेशी गेल्या नव्हत्या. तिघींचा पुंजका होता, खाली एकटी मोठी होती, आणि तिच्या मधोमध केंद्रक होतं, गडद, गोल, भरलेलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या तोंडावर हात धरून रडल्या आणि हसल्या, आणि काचकाका दारात येऊन उभे आहेत हे त्यांना उशिराच कळलं.

"आजच आलो," काका म्हणाले. "कार्यालयात कळलं, बाई तीन दिवस जेवायला उठत नाहीत म्हणून." त्यांनी बरणी पाहिली, सुटलेली काच पाहिली, आणि त्यांच्या लक्षात आलं. "रंगवलीत होय?"

"हो. जमलं. बघा तुम्ही, एकसुद्धा गेली नाही." बाई उठून त्यांना जागा देत होत्या, जे त्यांनी नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं. "माझा नुसता जीव जात होता, काका. ही गेली असती तर माझ्याकडे त्याचं काही उरलं नसतं."

काका बघायला वाकले नाहीत. ते उभेच राहिले, आणि त्यांचा हात गालावर गेला. "बाई, एवढा जीव नका टाकू हो त्याच्यावर," ते म्हणाले. "मला बघवत नाही आता. ती त्याची नाहीये."

"काय नाहीये?"

"पट्टी. त्याची फुटली. नऊ वर्षं झाली. एका पोराने मोठं भिंग खाली आणत आणत थेट काचेत घातलं, कच्चकन वाजलं, चुरा झाला. तुम्ही तेव्हा बघायचाही नाहीत तिच्याकडे, खिडकीबाहेर बघायचात. मला वाटलं, पेटीतली जागा रिकामी दिसली तर बाईंना लागेल. म्हणून मी एक केली आणि ठेवली." काकांना शब्द सापडत नव्हते; फुटक्या काचेवर एरवी तासभर बोलणारा माणूस. "आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात, म्हणालात, लावून द्या. आता काय सांगायचं तुम्हाला? तुम्ही बघत होतात, तुमच्या तोंडावर इतक्या वर्षांनी जरा... मग राहूनच गेलं. मग दर वेळी राहून गेलं."

बाईंनी विचारलं, "कुणाची आहे मग?" विचारताना त्यांना उत्तर समोरच दिसत होतं. काकांनी गालावरचा हात काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून मागे नेला. "तुम्ही आत बोलत असायचात तेव्हा मी बाहेर असा गाल धरून उभा असायचो," ते म्हणाले. "लाज वाटायची हो. पण दुसरं काय करणार होतो?" मग, काहीतरी चांगलं सांगायला हवं म्हणून, ते घाईने म्हणाले, "चिठ्ठी मात्र त्याचीच, बाई. ती मी फुटक्या काचेवरून वाफ देऊन देऊन काढली, एक कोपरा फाटू दिला नाही, आणि माझ्या पट्टीवर लावली. अक्षर त्याचंच आहे. ती काढून ठेवलीत ना तुम्ही? कुठंय?"

बाईंनी सिंककडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. नळ थोडा गळत होता, गेलं वर्षभर गळत होता, आणि दर थेंबाला जाळीवर बारीक आवाज होत होता. बाईंना रडू आलं नाही. त्यांना वाटलं की आपल्याला या क्षणी काकांचा राग यायला हवा, पण राग नव्हता, माया नव्हती, फक्त एक विलक्षण ओशाळलेपण होतं. नऊ वर्षं आपण या माणसाच्या गालाशी बोलत होतो, भाजी, नवरा, पगारवाढ, पट्टी छान झाली होती रे, सगळं. आणि कळलं नाही. आपल्याला बघून कळतं असं वाटत होतं. पुंजका कुठे, मोठी कुठे, हे सगळं पाठ केलं होतं ते काकांचं. त्याचं फक्त अर्धं मिनिट पाहिलं होतं, आणि त्यावर म्हटलं होतं, ठीक आहे. त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काहीही बदललं नव्हतं. केंद्रक तेवढंच गडद, तेवढंच गोल होतं, आणि सगळ्यात वाईट हे होतं की छातीत कळ पूर्वीसारखीच आली, नेहमीच्या जागी, माझा म्हणून. ती काही कुणाची पेशी आहे ते बघून येत नव्हती.

तेवढ्यात घंटा झाली आणि दहावी आत आली. बाईंना पट्टी काढायचं सुचलं नाही. चष्मेवाली सगळ्यांना कोपराने सारत पहिली पोचली, वाकली, आणि ओरडली, "दिसलं! बाई, केंद्रक दिसलं! किती मस्त! आज कुठून आलं?" मागून पोरं एकमेकांवर रेलू लागली. "बाई, कुणाच्या या पेशी?" बाईंच्या ओठांवर सवयीचं वाक्य आलं आणि तिथेच अडलं. दारात काका खाली मान घालून उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलासारखे. "काकांच्या," बाई म्हणाल्या. वर्गात जो हशा पिकला तो आवरेना. "काचकाका, आतून बरे आहात की तुम्ही!" "काका, एवढे गोरे-निळे कधी झालात?" काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग मुलांनी आपापले गाल खरवडले, आपापल्या पट्ट्या केल्या, कुणाची निळीशार झाली, कुणाला काहीच दिसलं नाही. बाई रांगांमधून फिरत राहिल्या. एका मागच्या बाकावरच्या मुलाची पट्टी त्यांनी उजेडाकडे धरली, सगळा रंगच रंग होता, आणि त्या म्हणाल्या, "छान आहे." मुलगा गोंधळला. त्याला ठाऊक होतं की ती छान नाही.

तास संपला तशी मुलं नियमाप्रमाणे सिंकशी रांग लावू लागली. हात धुतल्याशिवाय इथून बाहेर जायचं नाही हा बाईंचाच नियम, भिंतीवर लिहिलेला. पहिल्याने नळाला हात घातला आणि बाई धावल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईंना मुलांनी धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्या सिंकला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आज हात धुवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "पण बाई, रंग..." "नाही म्हटलं ना! घरी जाऊन धुवा. कुणी पाणी सोडायचं नाही." मुलं एकमेकांकडे बघत, निळी बोटं अंगापासून लांब धरून, एकेक करून बाहेर गेली. चष्मेवाली शेवटी राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण बाईंचं तोंड बघून तीही गेली. मंगळवारपासून इथे किती जणांनी हात धुतले असतील, याचा हिशोब बाई करत होत्या आणि तो जमत नव्हता.

काकांनी बाह्या वर केल्या, खाली बसले आणि सिंकखालची, गाळ अडवणारी पाइपाची बाटली पिळून काढली. तिला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. ती त्यांनी पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. काळं पाणी, टूथपिकांचे तुकडे, पातळ काचांचा भुगा, कांद्याच्या साली, आणि मऊ झालेल्या कागदांचा एक गोळा. बाईंनी दिवा ओढून घेतला, दोन सुया घेतल्या आणि तो गोळा उकलायला बसल्या. चिठ्ठ्या होत्या, किती वर्षांच्या कोण जाणे. पेन्सिलीने लिहिलेल्या अजून वाचता येत होत्या. 'कांद्याची साल', 'क्रमांक ३१', 'गालाच्या', कुणाचं गिचमिड, कुणाचं गोल. त्या बाई एका बाजूला काढत गेल्या. नियम मोडून शाईने लिहिणारे दरवर्षी दोन-चार असायचेच. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा ट्रेमध्ये कोरे तुकडे उरले होते, अकरा. बाईंनी ते सुईने एका ओळीत मांडले. त्यावर निळेपणासुद्धा नव्हता. एकेक उचलून त्यांनी भिंगाखाली धरला, आणि एकेक खाली ठेवला.

काका शेजारी वाकून बघत होते. त्यांचा श्वास बाईंच्या कोपराला लागत होता. त्यांनी हळूच विचारलं, "यातली त्याची कुठली, बाई?"

"बघून कळत नाही," बाई म्हणाल्या.